न मोजलेली बेरोजगारी

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईची लोकल थांबली. लाखो चाकरमान्यांची कामावर जायची वाट त्यामुळे बंद झाली. पण मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर अशीही माणसे होती, ज्यांचे कामाचे ठिकाणच लोकलचा डबा होते. फलाटावर अपंगांचा डबा जिथे लागतो तिथे बीप-बीप असा आवाज चालू असतो. त्या आवाजाच्या रोखाने काठी टेकत गाडीत शिरायचे, गळ्यातल्या पुठ्ठ्याला लटकवलेल्या कीचेन, पासाची प्लास्टिकची पाकिटे, सेफ्टी पिना, लहान मुलांची अंकलिपी असा माल विकायचा, हातात आलेली नोट बोटांवर मापून खिशात टाकायची आणि गर्दी वाढायच्या आत उतरून पुढची गाडी धरायची. अनेक अंध विक्रेत्यांचा दिवस असा जात असे.

गाडी थांबली तेव्हा या लोकांना कोणी कामावरून काढले नाही, कारण त्यांना कामावर कोणी ठेवलेलेच नव्हते. पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, नोटीस नाही. १ जून २०२० रोजी केंद्र सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी पंतप्रधान स्वनिधी योजना आणली. दहा हजार रुपयांचे बिनतारण कर्ज मिळणार होते, पण त्यासाठी पालिकेचे विक्री प्रमाणपत्र नाहीतर शिफारसपत्र लागे. रेल्वेत परवानगीशिवाय माल विकणे हा रेल्वे कायद्याच्या १४४व्या कलमानुसार गुन्हा आहे. म्हणजे ज्या कामावर घर चालत होते, ते काम करत असल्याचे सांगायला जावे तर गुन्ह्याची कबुली द्यावी लागणार. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेच्या वेळी राज्य सरकारने फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही अधिकृत फेरीवाल्यांना.

महामारीत अपंगांच्या रोजगाराचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की पहिली अडचण हीच येते. बुडालेल्या कामांतली बरीचशी कामे कोणत्याच कागदावर नव्हती.

त्या काळात देशाच्या बेरोजगारीचे आकडे भराभर येत होते. सीएमआयई या खासगी संस्थेने एप्रिल २०२०चा बेरोजगारीचा दर साडेतेवीस टक्के सांगितला. सरकारच्या श्रमबल पाहणीत एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी भागाचा दर जवळपास २१ टक्के निघाला. दोन्ही आकड्यांची बरीच चर्चा झाली. त्यांत अपंगांचा वेगळा रकाना नव्हता. अमेरिकेत असा रकाना आहे. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाने नोंदवले, की अपंगांमधील बेरोजगारी २०१९मध्ये ७.३ टक्के होती, ती २०२०मध्ये १२.६ टक्क्यांवर गेली. अपंगत्व नसलेल्यांचा त्या वर्षीचा दर ७.९ टक्के होता. किती माणसांना झळ बसली हे तिथे निदान सांगता तरी आले.

आपल्याकडे सर्वांत जवळचा आधार म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६वी फेरी. ती जुलै ते डिसेंबर २०१८मध्ये, म्हणजे महामारीच्या थोडी आधी झाली. त्या पाहणीनुसार १५ वर्षांवरील अपंगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे मिळून फक्त २३.८ टक्के होते. आणि बेरोजगारीचा दर? ४.२ टक्के. हा आकडा एकटा वाचला तर सगळे आलबेल वाटेल. पण त्याची मोजदाद कशी होते ते पाहायला हवे. बेरोजगार म्हणून गणले जायचे तर माणसाने काम शोधलेले असावे लागते, निदान कामासाठी तयार असल्याचे सांगावे लागते. ज्याने चार ठिकाणी नकार ऐकून शोध सोडून दिला, ज्याच्या घरच्यांनी ‘तुला कशाला हवंय काम, आम्ही आहोत ना’ म्हणून विषय संपवला, जी मुलगी एकटी एसटीने तालुक्याला जाऊ शकत नाही म्हणून घरीच राहिली, ते सगळे या हिशेबात बेरोजगार नाहीत. ते श्रमबलाच्या बाहेर आहेत. अपंगांची खरी बेरोजगारी त्या ४.२ टक्क्यांत दिसत नाही. ती उरलेल्या ७६ टक्क्यांत विखुरलेली आहे. त्या ७६ टक्क्यांत म्हातारी माणसे, विद्यार्थी, काम करणे खरोखरच अशक्य असलेले लोकही आहेत. पण सगळे तसे नाहीत, हे अपंगांमध्ये काम करणारा कोणीही सांगेल.

लोकसंख्येचा हिशेब तर त्याहून जुना. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदवले गेले, त्यातले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशातल्या अपंगांपैकी जवळपास ६९ टक्के खेड्यांत राहतात. काम करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ४७ टक्के, तर स्त्रियांत अवघे २३ टक्के होते.

महामारीच्या काळात प्रत्यक्ष लोकांशी बोलून जे थोडे समजले, ते स्वयंसेवी संस्थांमुळे. दिल्लीच्या एनसीपीईडीपी या संस्थेने २०२०च्या टाळेबंदीत १,०६७ अपंगांशी संपर्क साधला. त्यांपैकी ७३ टक्के लोकांनी टाळेबंदीमुळे अडचणी आल्याचे सांगितले, आणि त्या अडचणींत पैशाची चणचण सर्वांत वर होती: ५७ टक्के. ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला, त्यांचीच ही पाहणी आहे. ज्यांच्याकडे फोन नव्हता किंवा ज्यांना फोनवर बोलता-ऐकता येत नव्हते, ते तिच्याबाहेर राहण्याचीच शक्यता अधिक.

कोणाचे काम गेले, याचे चित्र मात्र आकड्यांशिवायही बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वर्षानुवर्षे अपंगांच्या पुनर्वसनासाठी जे व्यवसाय निवडले गेले, ते बहुतेक गर्दीवर, स्पर्शावर आणि चालू कार्यालयांवर अवलंबून होते. स्टेशनाबाहेरचे टेलिफोन बूथ, जे मोबाइल आल्यावर झेरॉक्स आणि वेफर्सचे स्टॉल झाले. लॉटरीचे टेबल. अंध कारागीर कार्यालयांच्या वेताच्या खुर्च्या विणतात, मालिश करतात, फिजिओथेरपी करतात. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत अंध कलाकारांचे वाद्यवृंद चार पैसे मिळवतात. २०२०चा गणेशोत्सव मंडप आवरते घेऊन आणि कार्यक्रम रद्द करून साजरा झाला. संस्थांच्या कार्यशाळांत दिवाळीच्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या तयार होतात, त्यांची विक्री शाळा आणि कंपन्यांतल्या प्रदर्शनांवर चालते. त्या वर्षी प्रदर्शने कुठली भरणार? करोनाने नेमका या सगळ्यावर एकाच वेळी घाला घातला. इतके व्यवसाय एकाच प्रकारच्या धक्क्याला बळी पडावेत, याचे कारण ते निवडताना ‘अपंगांना काय जमेल’ एवढाच विचार झाला होता. कामाला टिकाव आहे का, त्यात पुढे जायला वाव आहे का, हे फारसे कोणी विचारले नव्हते.

कर्णबधिरांची गोष्ट थोडी वेगळी. गेल्या दोन दशकांत त्यांच्यासाठी हॉटेल, कॉफी शॉप, दुकाने, कुरिअर ही क्षेत्रे उघडली होती. मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी २००९मध्ये सुरू केलेल्या मिरॅकल कुरिअर्समध्ये पाकिटे पोहोचवणारे कर्मचारी कर्णबधिर. लेमन ट्री हॉटेल्सनी कर्णबधिर आणि डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांना मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या दिल्या. महामारीत पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय सर्वांत आधी बंद पडले आणि सर्वांत शेवटी उघडले. कार्यालयेच बंद, तर पाकिटे न्यायची कुठे? जिथे काम चालू राहिले तिथे मास्क आला. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्याला समोरच्याचा अर्धा चेहराच दिसेनासा झाला. भारतीय खाणाखुणांच्या भाषेत हातांइतकेच चेहऱ्यावरचे भाव बोलतात. तेही झाकले गेले. गिऱ्हाईक काय मागतो आहे हे दोनदा विचारावे लागले, की व्यवस्थापक त्या माणसाला काउंटरवरून आत पाठवणार. काम गेले नाही, तरी त्यातली जागा बदलली.

जुहूचे कॅफे अर्पण २०१८पासून ऑटिझम, डाउन सिंड्रोम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या हातांवर चालते. अशा माणसांच्या दृष्टीने नोकरी म्हणजे पगार तर असतोच, शिवाय ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेला गणवेश, ठरलेले सहकारी असतात. टाळेबंदीत हे अचानक थांबले, आणि का थांबले हे समजावून सांगणे आईवडिलांच्या वाट्याला आले. कर्नाटकात हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २०१७मध्ये सुरू झालेल्या मिट्टी कॅफेची उपाहारगृहे महाविद्यालये आणि कंपन्यांच्या आवारांत होती. आवारे बंद झाल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरांतून ‘करुणा मील्स’ नावाने गरजूंसाठी जेवण जाऊ लागले. ज्यांच्याकडे मदत घेणारे म्हणून पाहायची सवय आहे, त्यांनी त्या दिवसांत इतरांचे ताट वाढले. असे प्रयोग थोडेच होते, पण काम असेल तर ही माणसे काय करू शकतात हे त्यांनी दाखवले.

आता नोकरी शोधण्याकडे वळू. अपंग तरुणाच्या दृष्टीने सरकारी नोकरी हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. १९९५च्या कायद्याने त्यांना तीन टक्के आरक्षण दिले, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते चार टक्के केले आणि अपंगत्वाचे प्रकार २१पर्यंत वाढवले. म्हणून पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या गर्दीत अंध आणि अस्थिव्यंग विद्यार्थीही असतात. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२०ला व्हायची होती. ती पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१वर आली. तीही ऐन वेळी पुढे ढकलल्यावर विद्यार्थी पुण्याच्या रस्त्यावर उतरले, आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. हे वर्ष सगळ्यांनाच जड गेले. पण अंध परीक्षार्थीला लेखनिक लागतो. उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा हवा, असा तेव्हा २०१८च्या मार्गदर्शक सूचनांचा नियम होता. म्हणजे पदवीधराला महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी शोधणे आले. वसतिगृहे बंद, मुले गावी गेलेली, आणि जे शहरात उरले त्यांच्या घरचे अनोळखी माणसाशेजारी काही तास बसायला पाठवायला तयार नाहीत. तारीख बदलली की पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. अभ्यासाचे तर विचारूच नका: ज्यांना पुस्तके कोणीतरी वाचून दाखवायचे, त्यांचे वाचक दुरावले.

या काळात एक न्यायनिर्णय मात्र मोलाचा आला. ११ फेब्रुवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितले, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही; ज्याला लिहिण्यात अडचण येते त्याला सोय द्यावीच लागेल. त्याच वर्षी ४ जानेवारीला केंद्राने अपंगांसाठी योग्य अशा ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली होती. पुढे ऑगस्टमध्ये भारतीय पोलीस सेवेसह काही पोलीस सेवांना या आरक्षणातून वगळण्यात आले. पोलीस खात्यातही टेबलावरची, तपासाची, संगणकाची कामे भरपूर असतात. सरसकट सूट देणारी ती अधिसूचना चुकीचीच होती.

आरक्षण घ्यायचे तर प्रमाणपत्र हवे. ते मिळते जिल्हा रुग्णालयातल्या तपासणी मंडळाकडून. महामारीत ही रुग्णालये करोना रुग्णालये झाली, अस्थिरोग आणि नेत्रतज्ज्ञ करोना वॉर्डात लागले आणि अपंगत्व तपासणीची शिबिरे थांबली. त्यातच जून २०२१पासून प्रमाणपत्र यूडीआयडी या अपंगांच्या ओळखपत्राच्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच देण्याचा नियम लागू झाला. नियमाचा हेतू चांगला होता, बनावट प्रमाणपत्रांना त्याने आळा बसतो. पण २०१८च्या पाहणीत देशातल्या जेमतेम २८.८ टक्के अपंगांकडेच प्रमाणपत्र होते. उरलेल्यांना सगळी दारे बंद असताना या रांगेत उभे राहायचे होते.

याच काळात एक नवा वर्ग तयार झाला, ज्याच्याकडे फार कमी लक्ष गेले. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा. ट्रक, रिक्षा, यंत्र चालवणाऱ्या माणसाचा एक डोळा गेला की त्याचे जुने काम गेल्यात जमा. पण दुसरा डोळा चांगला असेल तर आपल्या नियमांनुसार ते अपंगत्व ३० टक्के धरले जाते. आरक्षण आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. ही माणसे पूर्वीच्या कामाला अपात्र आणि अपंगांच्या सवलतींनाही अपात्र ठरली.

सरकारी मदतीचा हिशेब थोडक्यात सांगता येतो, कारण ती थोडीच होती. २६ मार्च २०२०च्या पॅकेजमध्ये गरीब वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत मिळून एक हजार रुपये जाहीर झाले, तेही तीन महिन्यांसाठी. दिव्यांगांपैकी ते मिळाले केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतल्या लोकांना, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचे महिना एक हजार रुपये चालू होते, आणि एप्रिल २०२१मध्ये अशा योजनांच्या लाभार्थ्यांना एक हजार रुपयांची मदत जाहीर झाली. जुलै २०२०मध्ये तर वेगळेच घडले. अर्थव्यवस्थेला चालना देण्याच्या नावाखाली, दिव्यांग हक्क कायद्यात अपंगांचे हक्क डावलणाऱ्यांसाठी असलेल्या शिक्षेच्या तरतुदी सौम्य करण्याचा प्रस्ताव केंद्राच्या दिव्यांग विभागाने मांडला आणि हरकतींसाठी जेमतेम दहा दिवस दिले. घरात अडकलेल्या अपंगांच्या संघटनांनी फोनवर, ऑनलाइन बैठका घेऊन देशभरातून विरोध नोंदवला आणि प्रस्ताव मागे घ्यायला लावला. महामारीतला हा त्यांचा सर्वांत मोठा विजय म्हणावा लागेल.

आणि घरून काम?

अपंग कर्मचारी कित्येक वर्षे घरून काम करण्याची परवानगी मागत होते. उत्तर ठरलेले असे: ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही.’ कॉल सेंटर आणि बीपीओंना तर दूरसंचार खात्याचे नियमही आड येत. कर्मचाऱ्याला घरी बसवायचे तर अनामत रक्कम आणि अटींची लांबलचक यादी. मार्च २०२०मध्ये हे नियम तात्पुरते सैल झाले आणि ५ नोव्हेंबर २०२०ला बहुतांश कायमचे काढून टाकले गेले. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते धडधाकट माणसांना गरज पडताच काही आठवड्यांत शक्य झाले. व्हीलचेअर वापरणाऱ्या संगणक अभियंत्याचे हिंजवडीपर्यंतचे रोजचे हाल थांबले. अमेरिकेत याचा परिणाम आकड्यांतही उतरला: अपंगांमधील रोजगाराचे प्रमाण २०२०मध्ये १७.९ टक्क्यांपर्यंत घसरले होते, ते २०२३मध्ये २२.५ टक्के झाले. २००८पासून ही नोंद ठेवली जाऊ लागल्यानंतरचा तो उच्चांक होता.

आपल्याकडे या सोयीचा लाभ मूठभरांना झाला, कारण ती शिकलेल्यांची सोय आहे. २०१८च्या पाहणीत १५ वर्षांवरील अपंगांपैकी माध्यमिक किंवा त्यापुढचे शिक्षण झालेले फक्त १९.३ टक्के होते. शिवाय घरून काम म्हणजे आपोआप सोयीचे काम नव्हे. ऑनलाइन बैठकीत कोणी आपली स्क्रीन सर्वांना दाखवली, की ती अंध कर्मचाऱ्याच्या स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी, निव्वळ चित्र असते. त्यातले अक्षरही वाचले जात नाही. फाइल आधी ईमेलने पाठवली तर प्रश्न सुटतो, पण ती पाठवायची आठवण कोणालातरी व्हावी लागते. कर्णबधिर उमेदवाराच्या व्हिडिओ मुलाखतीला दुभाषा हवा, आणि प्रशिक्षित दुभाषे देशात मोजकेच. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर दृष्टिहीनांना नोंदणी करता येत नसल्याची दखल ३१ मे २०२१ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने घेतली. जिथे सरकारचे सर्वांत महत्त्वाचे पोर्टल असे, तिथे नोकरीच्या खासगी संकेतस्थळांची काय कथा. आणि लस मिळाल्याशिवाय कामावर परतायचे कसे? मुंबईत ऑगस्ट २०२१मध्ये लोकल उघडली ती लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठीच.

महामारी ओसरल्यावर काही गोष्टी पुढे सरकल्या. ३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या नियमांमुळे २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना दिव्यांग कर्मचारी किती, हे वार्षिक अहवालात सांगावे लागते. पण बहुतेक कंपन्यांनी दोन-तीन वर्षांत कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले, आणि त्या हुकुमात अपंगांसाठी अपवाद ठेवण्याचे भान सगळ्यांनी दाखवले नाही. कायदा वाजवी सोय द्यायला सांगतो. घरून काम ही तशी सोय आहे, आणि ती देता येते याचा पुरावा दोन वर्षे कंपन्यांनी स्वतःच दिला आहे. यापुढे ‘पद्धत नाही’ हे उत्तर स्वीकारण्याचे कारण उरलेले नाही.

राहिला मोजणीचा प्रश्न. २०२१ची जनगणना महामारीमुळेच रखडली, आणि आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. २०११च्या पत्रिकेत अपंगत्वाची नोंद होती, आणि काम नसलेल्या माणसाला तो काम शोधतो आहे किंवा कामाला तयार आहे का, हेही विचारले होते. अनेक घरांत तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरे घरातल्या कर्त्याने परस्पर दिली. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून धाकट्या भावाचे अपंगत्वच सांगितले नाही, असेही घडते. या वेळी प्रगणक दारात येतील तेव्हा घरातल्या अपंग माणसाला बाहेर बोलवा, त्याचे उत्तर त्यालाच देऊ द्या. त्याला काम हवे असेल तर ते पत्रिकेत लिहिले गेले आहे ना, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.